भिशीचे पाच हजार आणि प्रेमाच्या कादंबऱ्या

यावेळी भिशीची चिठ्ठी माझ्या नावाची निघाली. आमच्या बेळगावच्या शहापुरातल्या गल्लीत दहाजणींची भिशी आहे, महिन्याला पाचशे, म्हणजे हातात एकरकमी पाच हजार. कुणी त्यातून मिक्सर घेते, कुणी पोराच्या ट्यूशनची फी भरते, एकीने तर तीन भिश्यांचे पैसे साठवून कानातले केले. मला सगळ्यांनी विचारलं की तू काय घेणार, आणि मी सांगून टाकलं, पुस्तकं. कसली पुस्तकं गे? प्रेमाच्या कादंबऱ्या. जरा वेळ कुणीच बोलेना, मग समोरच्या घरातल्या कन्नड बोलणाऱ्या अक्का म्हणाल्या, "चांगलं की वैनी, मलापण द्या वाचायला." चौदाव्या वर्षापासून मी प्रेमकथा वाचतेय, आता एकोणपन्नासावं चालू आहे, आणि चारचौघींत मोठ्याने हे सांगायची ही माझी पहिलीच वेळ.

लपवायची सवय मावशीकडून लागली. ती वडगावात राहायची, तिच्याकडे मी सुट्टीला जायची. तिच्या फळीवर शैलजा राजे, कुसुम अभ्यंकर, योगिनी जोगळेकर यांच्या कादंबऱ्या उघड्यावर असायच्या, कुणीही पाहुणा आला तरी चालायच्या. पण चंद्रकांत काकोडकर मात्र गादीखाली, आणि त्यांनाही 'तरुण भारत'चं कव्हर घातलेलं, म्हणजे लांबून बघणाऱ्याला वाटावं पोरीचं शाळेचं पुस्तक असेल. मी ते कव्हर न फाडता वाचायला शिकले, दुपारी मावशी झोपली की पन्नास पानं, ती उठायच्या आत परत गादीखाली.

म्हणून पैसे हातात आल्यावर सगळ्यात आधी गेले ती रद्दीच्या दुकानात. एका पोत्यात काकोडकर होते, प्रत्येकी वीस रुपये, चार घेतले. घरी आणून टेबलावर उघडे ठेवले, कव्हर न घालता. हे मला फार बरं वाटलं. आता वाचताना काय वाटलं ते खरंखरं सांगते. भाषा पळते, संवाद चुरचुरीत आहेत, बसल्या बैठकीत दीडशे पानं होतात. नायिका बऱ्याचदा रडकी आहे, तिचं काय ते शेवटी नायक ठरवतो, ते आता सहन होत नाही. पण एक गोष्ट तेव्हा कळली नव्हती ती आता कळली, की या पुस्तकांतल्या बाईला काहीतरी हवं असतं. तिला माणूस हवा असतो, स्पर्श हवा असतो, आणि लेखक ते लिहून टाकतो. मावशी ते का वाचत होती ते मला आता समजतं, तिला बोलायला दुसरीकडे कुठे जागाच नव्हती.

या काकोडकरांवर अश्लीलतेचा खटला झाला होता, 1962 सालच्या 'रंभा'च्या दिवाळी अंकातल्या एका कथेवरून. खालच्या कोर्टाने सोडलं, हायकोर्टाने दोषी धरलं, आणि प्रकरण पार सुप्रीम कोर्टापर्यंत गेलं, तिथे 1969 मध्ये ते सुटले. आणि त्याच 1969 साली त्यांच्या 'नीलांबरी' कादंबरीवरून निघालेला 'दो रास्ते' थिएटरात लागला. एकाच वर्षात एकाच लेखकाचं एक लिखाण अश्लील की नाही हे न्यायमूर्ती तपासतायत आणि दुसऱ्यावरचा सिनेमा बायका कुटुंबासकट बघतायत. मावशीला हे माहीत असतं तर तिने ते कव्हर काढून टाकलं असतं असं मला उगाच वाटत राहतं.

आता माझा मुद्दा सांगते, कारण त्यावरून आमच्या घरात आणि मैत्रिणींत नेहमी वाद होतो. मला प्रेमकथेचा शेवट चांगला हवा. अमेरिकेत प्रेमकथा लिहिणाऱ्यांची एक संघटना आहे, तिच्या व्याख्येत मुळात दोनच अटी आहेत, गोष्टीच्या मध्यभागी प्रेम असलं पाहिजे आणि शेवट मनाला समाधान देणारा, आशेचा असला पाहिजे. म्हणजे खुनाच्या गोष्टीत शेवटी खुनी सापडलाच पाहिजे तसं. तिथे कुणी म्हणत नाही की खुनी सापडला म्हणून पुस्तक उथळ झालं. पण दोघं एकत्र आली की लगेच, हॅ, गोडगोड आहे. आपल्याकडे प्रेम मोठं ठरायला कुणीतरी मरावं लागतं, नाहीतर त्याग करून लांब जाऊन शाळा काढावी लागते. कॉलेजात आमच्या ग्रुपमध्ये निरोपसमारंभाला खांडेकरांची 'अमृतवेल' भेट द्यायची पद्धतच होती, मला दोन प्रती मिळाल्या होत्या. नंदाचा शेखर विमान अपघातात जातो इथून गोष्ट सुरू होते आणि पुढे दुःख कसं पचवावं यावर पानंच्या पानं. वीस वर्षांची असताना मी त्यातली वाक्यं वहीत उतरवली. आता वाचली तर माणसं एकमेकांशी बोलत नाहीयेत, एकमेकांना समजावून सांगतायत, असं वाटलं. तरी नंदा मला अजून आवडते, तिचं एकटेपण खरं आहे.

'स्वामी'चं मात्र मला जरा जास्त बोलायचंय, कारण ते आमच्या शेजारचं पुस्तक आहे. रणजित देसाई कोवाडचे, चंदगड तालुक्यातलं, ताम्रपर्णीच्या काठावरचं गाव, इथून पाऊणएक तासाचा रस्ता. सासूबाई चंदगड भागातल्याच, त्यामुळे आमच्या घरात 'स्वामी' म्हणजे जवळजवळ माहेरचं पुस्तक. 1962 साली आलं, 1964 मध्ये साहित्य अकादमी मिळालं, आणि तेव्हापासून किती लग्नांच्या आहेरात ते गेलं असेल देव जाणे. रद्दीत मिळालेल्या प्रतीवरपण असंच कुणीतरी लिहिलंय, "चि.सौ.कां. ला सप्रेम", खाली नाव खोडलेलं. माधवराव आणि रमा यांचे प्रसंग मी परत वाचले आणि परत विरघळले, हे आधी कबूल करते. राज्याच्या रगाड्यात दोघांना मिळणारा तेवढासा वेळ, ती काही न बोलता बसलेली, हे फार सुंदर लिहिलंय. पण माझी बारीक तक्रार आहे. माधवराव सत्ताविसाव्या वर्षी क्षयाने थेऊरला गेले, 18 नोव्हेंबर 1772, आणि रमाबाई सती गेल्या. हा इतिहास आहे, तो लेखक कसा बदलणार, बदलूही नये. तक्रार आहे ती आपल्या वाचण्याची. ते पुस्तक आपण नव्या नवरीला देतो, आणि देताना मनात असं असतं की बघ, असं प्रेम असावं. माझ्या मुलीचं लग्न ठरलं की तिला मी हे पुस्तक वाचायला नक्की देईन पण आहेरात देणार नाही. हे सासूबाईंना सांगितलं तर त्या दोन दिवस माझ्याशी तोडून बोलत होत्या.

यावर वाद घालताना मला एक फार आवडती गोष्ट सापडलीय. आपण नॉव्हेलला कादंबरी म्हणतो. हिंदीत, बंगालीत उपन्यास. पण मराठीत कादंबरी आणि कन्नडमध्येही कादंबरीच, अक्कांच्या तोंडातपण तोच शब्द. आणि कादंबरी हे मुळात एका मुलीचं नाव, सातव्या शतकात बाणभट्टाने लिहिलेल्या गोष्टीची नायिका. ती आणि चंद्रापीड, तिची मैत्रीण महाश्वेता आणि पुंडरीक, अशी दोन जोडपी, त्यात विरह, मरण, पुनर्जन्म सगळं, आणि शेवटी सगळे एकमेकांना मिळतात. बाणभट्ट गोष्ट अर्धी टाकून गेला तर त्याच्या मुलाने ती पुरी केली. कन्नडमध्ये ती नागवर्माने हजारेक वर्षांपूर्वी आणली, 'कर्नाटक कादंबरी' म्हणून. म्हणजे आपल्याकडची प्रत्येक कादंबरी, मग ती राजकारणाची असो नाहीतर दुष्काळाची, एका प्रेमात पडलेल्या मुलीचं नाव लावून फिरते, आणि ती गोष्ट सुखात संपलेली आहे. हे मला कळलं त्या दिवशी मी इतकी खूश होते की पतसंस्थेत कामात दोन वेळा व्हाउचर चुकलं.

असो. खरेदीकडे येते. दुसरी खेप हिवाळ्यातल्या संमेलनात झाली. आमच्याकडे थंडी पडली की कडोली, उचगाव, येळ्ळूर, सांबरा, कुद्रेमनी, एकेका गावात मराठी साहित्य संमेलनं सुरू होतात, सकाळी ग्रंथदिंडी निघते, शाळेची पोरं लेझीम खेळतात, बायका डोक्यावर कलश घेऊन, आणि मांडवाच्या कडेला पुस्तकांचे स्टॉल. ज्यांना मराठी पुस्तकं सहज मिळतात त्यांना या स्टॉलचं काय महत्त्व आहे हे कळणार नाही. ऑनलाइन मागवायला गेलं तर कुठेकुठे "महाराष्ट्राबाहेर" असा रकाना येतो आणि टपालाचे जादा पैसे लागतात. दरवेळी त्या रकान्यावर टिक करताना माझं बोट थांबतं. 1956 ला राज्यांच्या हद्दीची रेषा कुठून गेली ते मी शाळेतच शिकले, पण मला ती रेषा प्रत्येक पुस्तकामागे परत भरावी लागते.

स्टॉलवरून गौरी देशपांडेंचं 'तेरुओ आणि काही दूरपर्यंत' घेतलं. लायब्ररीतून आणून एकदा वाचलं होतं पण स्वतःचं नव्हतं. बेळगावचं सार्वजनिक वाचनालय 1848 सालचं आहे, आणि माझं निम्मं वाचन त्या एका संस्थेने केलंय, पण काही पुस्तकं परत करायच्या तारखेशिवाय वाचायची असतात. 'तेरुओ'मध्ये जपानात राहणारी लग्न झालेली मराठी बाई आहे आणि तिचं तेरुओवर प्रेम बसतं. माझ्या नियमात हे पुस्तक बसत नाही. तरी मला ते आवडतं, कारण यात प्रेम केलं म्हणून बाईला शिक्षा नाही. ती पश्चात्तापाने झुरत नाही, गाडीखाली जात नाही, नवरा तिला हाकलत नाही. 1985 सालचं पुस्तक आहे हे, तेव्हा आमच्या मावशीची पुस्तकं अजून गादीखालीच होती! पण एक सांगू का, गौरीबाईंच्या नायिका मला जरा लांबच्या वाटतात. त्यांच्या घरात पाहुणे येऊन आठ दिवस राहत नाहीत, नळाला पाणी आलंय म्हणून पहाटे उठावं लागत नाही. त्यांना विचार करायला वेळ आहे. मी हे तक्रार म्हणून नाही सांगत, मला हेवा वाटतो म्हणून सांगते.

आणि भाषा. मराठी प्रेमकथेतली नायिका पुण्यामुंबईचं बोलते. आमच्याकडे पोरी "मी येतो", "मी जातो" म्हणतात, पोरांसारखं. मी पुण्याला एका लग्नाला गेले होते तेव्हा "मी आलो की" म्हटल्यावर तिथल्या बायका हसल्या होत्या, मी अठरा वर्षांची, पुढचे दोन दिवस तोंडच उघडलं नाही. तेव्हापासून मी लिहिताना "आले, गेले" लिहिते आणि घरात "आलो, गेलो" बोलते. पण मला एक तरी कादंबरी अशी हवीय जिच्यात नायिका नायकाला म्हणेल, "थांब की जरा, मीपण येतो," आणि त्या वाक्यावर नायकाचा जीव जाईल.

तसं म्हटलं तर प्रकाश नारायण संतांनी आमची भाषा पुस्तकात आणलीच आहे. लंपनची चारही पुस्तकं, 'वनवास', 'शारदा संगीत', 'पंखा', 'झुंबर', यावेळी माझी माझी विकत घेतली. लोक त्याला लहान मुलाच्या गोष्टी म्हणतात. मला विचाराल तर लंपन आणि सुमी ही मराठीतली सगळ्यात खरी प्रेमकथा आहे. एकाच्याही तोंडी प्रेम हा शब्द यायची गरज नाही, नुसतं सुमी शेजारी उभी आहे एवढ्याने त्याच्या सगळ्या संध्याकाळीचा रंग बदलतो, आणि त्याची ती कुठलाही आकडा ठोकून द्यायची सवय. कन्नड शब्द मध्येच येतात आणि खाली अर्थ द्यावा लागत नाही, निदान आम्हाला तरी. प्रकाश संतांची आई म्हणजे कवयित्री इंदिरा संत, आमच्या बेळगावच्याच म्हणायच्या, आयुष्याची कितीतरी वर्षं इथे काढली. नवरा-बायको दोघांच्या कवितांचं मिळून एक पुस्तक निघालं होतं, 'सहवास' नाव. पुढे 1946 मध्ये ना. मा. संत गेले, आणि 1951 ला बाईंचा 'शेला' आला. मी त्यांच्या कविता एका वेळी एकच वाचते. जास्त वाचवत नाहीत. तिथे शेवट चांगला हवा वगैरे माझं सगळं बोलणं बंद होतं.

इंग्लिश पुस्तकांचं थोडक्यात. कॉलेजात असताना मिल्स अँड बून वाचून माझं इंग्लिश सुधारलं, हे मी बिनदिक्कत सांगते. 1908 साली मिल्स आणि बून या दोघा माणसांनी काढलेली कंपनी, एवढीशी पातळ पुस्तकं, रेल्वे स्टेशनवर किंवा जुन्या बाजारात मिळायची, नायक श्रीमंत आणि तिरसट, नायिका गरीब आणि मानी. डिक्शनरी घेऊन बसायची मी. यावेळी दोन जुनी घेतली आणि एक अर्ध्यात सोडलं, त्यातला नायक नायिकेचा दंड धरून ओढतो आणि लेखिकेला ते रोमँटिक वाटतं. नाही वाटत आता. मुलगी बेंगळुरूला नोकरीला आहे, ती नव्या इंग्लिश कादंबऱ्या वाचते, त्यात आधी भांडण मग प्रेम, खोटं खोटं लग्न, एकच खोली एकच पलंग असे प्रकार ठरलेले असतात आणि वाचणाऱ्या मुली प्रकार बघूनच पुस्तक घेतात. मला यात काही वाईट वाटत नाही. आपण भजनात तेच अभंग म्हणतो, चालीत मजा असते.

तिनेच मला जेन ऑस्टिनचं 'पर्सुएशन' पाठवलं आणि गेल्या दोन वर्षांत वाचलेल्यात ते मला सगळ्यात जास्त लागलं. ऑस्टिन 1817 च्या जुलैत गेली आणि हे पुस्तक त्याच डिसेंबरात बाहेर आलं, तिने छापलेलं बघितलंच नाही. ॲन एकोणीस वर्षांची असताना नौदलातला वेंटवर्थ तिला मागणी घालतो, त्याच्याकडे पैसा नसतो, घरचे आणि आईच्या जागी असलेली एक बाई तिला समजावतात, आणि ती नाही म्हणते. आठ वर्षांनी तो कॅप्टन होऊन, पैसेवाला होऊन परत येतो. ही आता सत्तावीस, कोमेजलेली, घरात सगळ्यांची कामं करणारी, कुणी तिचं मत विचारत नाही. हे वाचताना मला सारखं वाटत होतं की ही आमच्या गल्लीत राहते. लहान बहिणीची पोरं सांभाळायची कुणी, तर ॲन. फिरायला जागा कमी पडली तर मागे राहायचं कुणी, ॲन.

आणि मग ते पत्र. बाथ गावात एका खोलीत सगळे बसलेत, वेंटवर्थ टेबलापाशी काहीतरी लिहितोय, ॲन दुसऱ्या एका कॅप्टनशी बोलतेय की आशा संपल्यावरपण जास्त दिवस प्रेम कोण करतं, बाई की पुरुष. तो म्हणतो पुस्तकं बघा, सगळीकडे बायकांचा चंचलपणाच लिहिलाय, तर ती म्हणते पुस्तकांचं नाव काढू नका, लेखणी पुरुषांच्याच हातात होती. हे सगळं वेंटवर्थ ऐकतोय, आणि ऐकता ऐकता तिलाच पत्र लिहितोय, त्याच खोलीत बसून. ते पत्र मी चार वेळा वाचलं, इंग्लिश जुनं आहे, पहिल्यांदा निम्मंच कळलं, पण छातीत जे व्हायचं ते पहिल्यांदाच झालं.

त्या रात्री मी ट्रंकेतून आमच्या ह्यांची जुनी पत्रं काढली. लग्न ठरलं तेव्हा हे गोकाकला नोकरीला होते, पावसाळा होता, आणि साखरपुडा झाल्यावर यांचं पहिलं अंतर्देशीय आलं. मी ते घेऊन माडीवर पळाले. आत काय, तर घटप्रभेला पाणी किती आलंय, धबधबा कसा तांबडा झालाय, आवाज किती लांबवर येतो, झुलत्या पुलावर पोलीस कुणाला सोडत नाहीत. तीन घड्या भरून पाणी. माझ्याबद्दल एक अक्षर नाही. मी दोन दिवस रडले होते, हा माणूस कसा होणार म्हणून. परवा ते परत वाचलं तर शेवटी, जिथे डिंक लावतात त्या पट्टीवर, बारीक अक्षरात लिहिलंय, "तू असतीस तर दाखवलो असतो." सव्वीस वर्षं ती ओळ तिथे होती. तेव्हा मी फाडताना ती पट्टी दुमडली गेली असणार. मी यांना उठवून दाखवलं, हे म्हणाले, "मग, लिहिलो होतो की," आणि कूस बदलून झोपले.

शेवटची खरेदी कन्नड पुस्तकाची. आणि ती का केली त्याचं कारण उमा कुलकर्णींचं 'संवादु अनुवादु'. हे त्यांचं आत्मकथन, प्रेमकथेच्या कपाटात कुणी ठेवणार नाही, मी ठेवलंय. उमाताई जन्माने बेळगावच्या, मराठी. लग्न विरुपाक्षांशी झालं, घरात कन्नड. त्यांना कन्नड लिपी सहज वाचता येत नव्हती, तर नवरा कन्नड कादंबरी मोठ्याने वाचून टेप करून ठेवायचा, आणि त्या घरातली कामं आवरून ते ऐकत मराठीत लिहायच्या. कारंत, भैरप्पा, असे सगळे मोठे लेखक आपल्याकडे आले ते त्या टेपमधून. भैरप्पांच्या 'वंशवृक्ष'च्या अनुवादाला त्यांना साहित्य अकादमीचा अनुवाद पुरस्कार मिळाला. आणि नवरा तिकडे मराठीतून कन्नडमध्ये अनुवाद करायचा. मला सांगा, याच्याहून मोठी प्रेमकथा कुठली? कुणी मरत नाही, कुणी त्याग करत नाही, एक माणूस नोकरीवरून येतो आणि बायकोसाठी कादंबरी वाचून ठेवतो.

हे मी अक्कांना सांगितलं तर त्या म्हणाल्या, "मग मी वाचतो तुम्हाला, त्यात काय." त्यांनीच त्रिवेणींचं नाव सांगितलं. मी शाळेत कन्नड शिकलेय, बसची पाटी, दुकानाची पाटी, लाइटचं बिल सगळं वाचते, पण गोष्ट म्हणून कन्नड पुस्तक विकत घ्यावं असं कधी मनातच आलं नव्हतं. बाजारातल्या कन्नड पुस्तकांच्या दुकानात गेले, जरा घाबरतच, आणि जुळवून जुळवून कन्नडमध्ये विचारलं. दुकानदाराने माझ्याकडे बघितलं आणि मराठीत म्हणाला, "त्रिवेणी का, वरच्या फळीवर आहेत ताई, बेळ्ळि मोड घ्या, पहिलं तेच वाचा." पुस्तक हातात दिलं आणि पैसे घेताना परत कन्नडमध्ये बोलला, आपलंच कुणीतरी असल्यासारखं.

त्रिवेणी हे टोपणनाव, खरं नाव अनसूया शंकर, मैसूरच्या, मानसशास्त्र शिकलेल्या. 1963 मध्ये गेल्या, पस्तीसही पुरी झाली नव्हती, आणि तेवढ्यात वीसेक कादंबऱ्या लिहून झाल्या होत्या. 'बेळ्ळि मोड' म्हणजे चांदीचा ढग. इंदिरा ही मळेवाल्याची एकुलती एक मुलगी, तिचं मोहनशी लग्न ठरतं, तिच्या बापाच्या पैशावर तो परदेशी शिकायला जातो. मध्ये इंदिराला भाऊ होतो, म्हणजे इस्टेट काही आता तिची नाही, आणि मोहनचं प्रेम आटतं. पुढे त्याला अपघात होतो, तो तिच्याच घरी अंथरुणावर, ती त्याची सेवा करते, आणि त्याला कळतं की हिच्यासारखी दुसरी नाही. तो विचारतो. ती नाही म्हणते.

आम्ही रोज संध्याकाळी दिवा लावल्यावर वाचायचो. अक्का कट्ट्यावर बसून एक परिच्छेद वाचायच्या, मी शेंगा सोलत मराठीत सांगायची, आणि सासूबाई भिंतीला टेकून. सासूबाईंच्या डोळ्यांचं ऑपरेशन झालंय, त्यांना वाचवत नाही. लग्न होऊन आले तेव्हा त्यांनीच मला कादंबरी वाचताना पकडून म्हटलं होतं, "पुस्तकानं पोट भरत नाही गे." आता साडेसहा वाजले की त्या अक्कांच्या दाराकडे बघायला लागायच्या. मोहन पलटल्यावर त्यांनी त्याला चंदगडी भाषेत जे काही म्हटलं ते इथे लिहिता येणार नाही.

ज्या दिवशी इंदिरा नाही म्हणाली त्या दिवशी आमच्या तिघींत भांडण झालं. अक्कांच्या डोळ्यांत पाणी, त्यांना वाटत होतं की माफ करायला हवं होतं, माणूस चुकतो. मला माझाच नियम आडवा आला, शेवट चांगला हवा म्हणजे दोघं एकत्र यायला हवीत असं मी पस्तीस वर्षं धरून बसले होते, आणि इथे ती एकटी राहिली तरी मला एकदम मोकळं वाटत होतं, हे कसं काय ते मला सांगता येईना. सासूबाई बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, "बरं केलीन पोरीन. होय म्हटली असती तर तो बरा झाल्यावर परत पैसे मोजायला बसला असता."

मग त्यांनी अक्कांना तेच पान परत वाचायला सांगितलं. अक्कांनी चष्मा पुसला, वाचायला सुरुवात केली, मी सवयीने मराठीत सांगायला तोंड उघडलं तर सासूबाईंनी माझ्या गुडघ्यावर हात ठेवला.

"तू गप ऱ्हा जरा," त्या म्हणाल्या. "ती कशी म्हणाली ते ऐकू दे."